अ‍ॅस्की ग्रिडची नकाशा सॉफ्टवेअरमध्ये आयात

भूभागाचे सारख्या मापाचे चौकोनी सेल पाडून प्रत्येक सेलचे मूल्य साध्या मजकुराच्या फाइलमध्ये आकड्यांनी लिहिले की अ‍ॅस्की ग्रिड तयार होते. हे मूल्य उंची, पाऊस, तापमान, भूजलाची पातळी किंवा जमिनीच्या वापराचा संकेतांक असे काहीही असू शकते. फाइल कोणत्याही टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते आणि डोळ्यांनी वाचता येते, म्हणून संगणकीय प्रारूपांचे निकाल आजही अनेकदा याच रूपात दिले जातात. मात्र सेलचे स्थान प्रत्येक आकड्याजवळ लिहिलेले नसते. ते हेडरमधल्या, म्हणजे फाइलच्या सुरुवातीच्या माहितीच्या, मोजक्या ओळींवरून आणि आकड्यांच्या क्रमावरून काढले जाते. त्यामुळे हेडरमध्ये चूक असली तरी बऱ्याचदा कोणतीही सूचना न येता फाइल उघडते आणि दिसायला ठीक असलेला नकाशा चुकीच्या जागी बसतो.

सर्वांत जास्त चालणारा प्रकार एस्री या नकाशा सॉफ्टवेअर कंपनीचा एस्री अ‍ॅस्की ग्रिड हा आहे. फाइलच्या नावाला ‘.एएससी’ हा प्रत्यय असतो आणि हेडरमध्ये सहा ओळी असतात: स्तंभांची संख्या, रांगांची संख्या, डाव्या-खालच्या कोपऱ्याचे एक्स व वाय निर्देशांक, सेलची बाजू आणि ‘नोडेटा’ मूल्य. नोडेटा म्हणजे माहिती नसलेल्या सेलसाठी ठरवलेला आकडा. तो बहुधा −९९९९ असतो. निर्देशांक नैर्ऋत्य कोपऱ्याचा असला तरी आकड्यांची पहिली रांग सर्वांत उत्तरेची असते. स्वतःचा प्रोग्रॅम लिहून फाइल तयार करणाऱ्यांची इथेच गल्लत होते आणि नकाशा उत्तर-दक्षिण उलटा येतो.

सर्फर या नकाशा सॉफ्टवेअरच्या अ‍ॅस्की ग्रिडमध्ये क्रम याच्या उलट असतो. फाइल ‘डीएसएए’ या चार अक्षरांनी सुरू होते. मग स्तंभ आणि रांगा, त्यानंतर एक्स, वाय आणि मूल्य यांच्या किमान-कमाल जोड्या येतात. आकडे दक्षिणेच्या रांगेपासून सुरू होतात आणि रिकाम्या जागी १.७०१४१ई+३८ हा प्रचंड आकडा असतो. एक रांग फाइलच्या अनेक ओळींत तुटलेली असू शकते, म्हणून एक ओळ म्हणजे एक रांग असे गृहीत धरू नये. स्तंभ गुणिले रांगा एवढे आकडे भरतात का, हे मोजावे. एस्री फाइललाही हीच कसोटी लावावी.

तिसरा प्रकार एक्स-वाय-झेड यादीचा. यात प्रत्येक ओळीत सेलच्या मध्याचे दोन निर्देशांक आणि एक मूल्य असते. नकाशांच्या फाइली वाचणारी जीडॅल ही लायब्ररी अशी यादी थेट रास्टर (सेलच्या जाळीचा नकाशा) म्हणून वाचते, पण बिंदूंमधले अंतर समान हवे, एकाच वायचे बिंदू सलग हवेत आणि त्यांतील एक्स चढत्या क्रमाने हवेत. क्रम बिघडला असेल तर आधी यादी वाय आणि मग एक्सनुसार लावून घ्यावी. बिंदू मुळातच विस्कळीत असतील तर ती ग्रिडच नव्हे. तिथे अंतर्वेशन, म्हणजे आजूबाजूच्या बिंदूंवरून मधल्या मूल्यांचा अंदाज, करावे लागते. नियमित ग्रिडवर मात्र अंतर्वेशन करू नये, कारण मोजलेली मूल्ये नाहक बदलतात. अशी यादी स्प्रेडशीटमध्ये उघडून जतन करणेही धोक्याचे आहे. एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात आणि ३६०१ × ३६०१ सेलच्या उंचीच्या एका तुकड्यात १,२९,६७,२०१ बिंदू असतात.

प्रत्यक्ष आयातीआधी फाइलच्या पहिल्या दहा ओळी एडिटरमध्ये पाहाव्यात. दशांशासाठी टिंबाऐवजी स्वल्पविराम असेल तर तो बदलावा. पण स्वल्पविराम दोन आकडे वेगळे करण्यासाठीही वापरलेला नाही ना, याची आधी खात्री करावी. फाइल बीओएमसह (फाइलच्या सुरुवातीच्या अदृश्य खुणेसह) यूटीएफ-८ या अक्षर-संकेतनात जतन झाली असेल तर त्या खुणेमुळे काही प्रोग्रॅमना हेडर ओळखता येत नाही. ती बीओएमशिवाय पुन्हा जतन करावी. क्यूजीआयएस या नकाशा सॉफ्टवेअरमध्ये ‘.एएससी’ फाइल रास्टर लेयर म्हणून जोडली की झाले. एस्रीच्या आर्कजीआयएस सॉफ्टवेअरच्या ‘अ‍ॅस्की टू रास्टर’ साधनात मूल्याचा प्रकार निवडावा लागतो. तिथे पूर्णांक हा पर्याय आधीच निवडलेला असतो, तो न बदलल्यास ४.७ मिलिमीटर पावसाचा दशांश भाग गळून पडतो.

निर्देशांक प्रणाली, म्हणजे एक्स-वाय आकडे पृथ्वीवर कुठे बसतात ते सांगणारी पद्धत, हेडरमध्ये नसते. सोबत त्याच नावाची ‘.पीआरजे’ फाइल नसेल तर प्रणाली हाताने नेमून द्यावी लागते. कोपऱ्याचे आकडे ±१८० आणि ±९० च्या आत असतील तर बहुधा अक्षांश-रेखांश असतात, आणि सहा-सात अंकी आकडे असतील तर मीटरमधले प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याची पद्धत. मात्र कोणते प्रक्षेपण, कोणता झोन, कोणते डेटम (मोजमापासाठी मानलेला पृथ्वीचा आकार व आरंभस्थान), हे आकड्यांवरून ठरवू नये. डेटा देणाऱ्याकडूनच विचारून घ्यावे. प्रणाली नेमणे आणि प्रक्षेपण बदलणे या वेगळ्या क्रिया आहेत. आयातीच्या वेळी फक्त पहिली करायची असते.

लक्षात न येणाऱ्या चुकांपैकी अर्ध्या सेलची चूक सर्वाधिक आढळते. हेडरमध्ये ‘एक्सएलएलकॉर्नर’ असेल तर आकडा सेलच्या कोपऱ्याचा, ‘एक्सएलएलसेंटर’ असेल तर मध्याचा. सर्फरचे किमान-कमाल आकडेही मध्याचेच असतात. मध्याचा आकडा कोपऱ्याचा म्हणून लिहिला तर ३० मीटरच्या सेलमध्ये नकाशा पूर्वेला १५ आणि उत्तरेला १५, म्हणजे तिरका सुमारे २१ मीटर सरकतो. सेलच्या बाजूचे दशांश छाटले तर नुकसान याहून मोठे होते. तीन सेकंदांची बाजू ०.०००८३३३३३३३ अंश असते. ती ०.०००८३३ लिहिली तर ६००० स्तंभांनंतर ०.००२ अंशाची तूट पडते. विषुववृत्तावर ती सुमारे २२० मीटर भरते. एक कडा अचूक जुळते आणि दुसरी जुळत नाही, ही याची खूण. म्हणून पडताळणी नेहमी समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांजवळच्या ओळखीच्या ठिकाणांवर करावी: नदीचा संगम, धरणाची भिंत, किनाऱ्याचे टोक.

उतार किंवा छायांकन (उंचसखलपणा दाखवणाऱ्या सावल्या) काढताना अक्षांश-रेखांशातली ग्रिड तशीच वापरली तर आडवे अंतर अंशांत आणि उंची मीटरमध्ये धरली जाते. मग जवळजवळ सगळीकडे ९० अंशांच्या आसपास उतार दिसतो. ग्रिड मीटरच्या प्रक्षेपणात न्यावी किंवा निदान एका अंशाला १,११,१२० मीटर हे प्रमाण द्यावे. हे प्रमाण विषुववृत्ताजवळ ठीक चालते, ध्रुवांकडे जाताना पूर्व-पश्चिम दिशेत चूक वाढत जाते.

आयात झाल्यावर ग्रिड जिओटिफमध्ये, म्हणजे स्थानाची माहितीही साठवणाऱ्या चित्र-फाइलमध्ये, जतन करावी. मजकुराची फाइल सुरुवातीपासून वाचत जावी लागते, त्यामुळे मधला तुकडा दाखवायलाही वेळ लागतो. वरच्याच १,२९,६७,२०१ सेलना चार अंकी उंची आणि एक मोकळी जागा धरली तर सुमारे ६५ मेगाबाइट लागतात. १६ बिटांच्या जिओटिफला दाबून लहान न करताही २६ पुरतात.

प्रक्षेपण बदलण्याआधी नोडेटा नीट नोंदला गेला आहे का, ते पाहावे. लेयरचे किमान मूल्य −९९९९ दिसत असेल तर तो नोंदलेला नाही. मग १०० सेलपैकी ९५ सेल ५०० मीटरचे आणि केवळ पाच रिकामे असले, तरी सरासरी उंची −२४.९५ मीटर येते. द्विरेषीय पद्धतीने, म्हणजे शेजारच्या सेलची भारित सरासरी घेऊन, प्रक्षेपण बदलताना तर ५०० आणि −९९९९ एकमेकांत मिसळून −४७४९.५ सारखे आकडे तयार होतात. त्यानंतर −९९९९ ला नोडेटा ठरवूनही हे आकडे झाकले जात नाहीत. जमिनीच्या वापराचे संकेतांक असलेल्या ग्रिडला द्विरेषीय पद्धत वापरूच नये: संकेतांक २ आणि ४ यांची सरासरी ३ येते आणि जिथे तो वर्ग नाही तिथे तो उमटतो. अशा ग्रिडसाठी सर्वांत जवळच्या सेलचे मूल्य तसेच घेणारी ‘निकटतम शेजारी’ पद्धत निवडावी.