पार्श्वभूमी : ‘अप्रॉक्सिमेट’ म्हणजे किती जवळ?

नागपूरच्या झिरो माइल स्तंभाची समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट अशी नोंदलेली आहे. त्यातला शेवटचा अंक एकाने बदलला तर फरक पडतो जेमतेम ०.३ मिलिमीटरचा. अशा आकड्याआधी इंग्रजीतले ‘अप्रॉक्सिमेटली’, म्हणजे ‘सुमारे’, लावणे चूकच. तीच उंची ३११ मीटर लिहायची, तर मात्र तो शब्द हवा.

लॅटिनमध्ये ‘प्रोपे’ म्हणजे जवळ आणि ‘प्रॉक्सिमुस’ म्हणजे सर्वांत जवळचा. त्यावरून आलेला हा शब्द आधी जागेच्या जवळिकीसाठी वापरला जाई, आकड्यांना तो नंतर चिकटला. आपल्याकडे हे वळण फार जुने. इ.स. ४९९ मध्ये आर्यभटांनी २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ दिला, म्हणजे पायची किंमत ३.१४१६, आणि या परिघाला ‘आसन्न’ म्हटले. आसन्न म्हणजे अगदी जवळ येऊन बसलेला, ‘आसन्नमरण’मधला तोच. इतका नेमका शब्द हाताशी असून हिशेबाच्या बोलीत तो टिकला नाही, याची हळहळ वाटते. तिथे फारसी शब्द रुळले : ‘शुमार’ म्हणजे मोजणी, त्यावरून सुमारे, ‘अंदाज’वरून अंदाजे.

गफलत होते ती शेजारच्या शब्दांशी. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. त्याला ‘सुमारे ७००’ म्हणता येते, ‘जवळजवळ ७००’ नाही. जवळजवळ, म्हणजे इंग्रजीतले ‘निअरली’, आकड्याच्या अलीकडेच थांबते. ७०१ तर पुढे गेलेले. ‘अप्रॉक्सिमेटली’ला मात्र अलीकडचे-पलीकडचे दोन्ही चालते. ‘एस्टिमेट’ आणखी वेगळे. घर बांधण्याआधी ठेकेदार देतो ते एस्टिमेट, कारण खरा खर्च अजून व्हायचाच असतो. अप्रॉक्सिमेट आकड्यात खरा आकडा ठाऊक असूनही सोयीसाठी गोल केलेला असू शकतो.

मराठीत ‘शंभरेक’मधला ‘एक’ ‘सुमारे’चेच काम करतो, म्हणून ‘सुमारे शंभरेक माणसं’ ही द्विरुक्ती. ‘सुमारे ९० ते १००’ हेही तसेच. पल्ला दिला की सुमारे गाळावे. आणि ‘अप्रॉक्सिमेट’चा उच्चार : विशेषणाचा शेवट ‘-मिट’सारखा आखूड, क्रियापदाचा ‘-मेट’ असा लांब. लिहिताना दोन्हींचे स्पेलिंग एकच असल्याने वाचताना इथेच चूक होते.