दुधाच्या दाढेतलं औषध पक्क्या दाताची वाट अडवत नाही

साखर पेठेतल्या एक आजी सहा वर्षांच्या नातीला घेऊन आल्या होत्या. पोर कडक भाकरी डाव्या बाजूनेच चावायची. उजव्या दाढेत शेंगाचटणीचा कण रुतला की कळवळायची. तरी आजींचं एकच म्हणणं, "दुधाच्या दाढेत औषध भरू नका, खालचा दात अडकतो. काढूनच टाका." सोलापुरात हे मी वर्षानुवर्षं ऐकतेय. ते खरं नाही.

मोठ्यांच्या दाताची किडलेली नस काढली की मुळात गटापर्चाची, म्हणजे रबरासारख्या पदार्थाची, कांडी भरतात. ती विरघळत नाही. म्हणूनच खाली पक्का दात असलेल्या दुधाच्या दाढेत ती वापरत नाहीत. तिथे आयोडोफॉर्म आणि कॅल्शियम हायड्रॉक्साइडची, नाहीतर झिंक ऑक्साइडची पेस्ट भरतात. पक्का दात वर येताना दुधाचं मूळ विरघळतं, तशी पेस्टही शरीर शोषून घेतं. झिंक ऑक्साइडची जरा सावकाश, म्हणून ती मुळाबाहेर जाऊ न देण्याची काळजी घ्यावीच लागते. फक्त वरचीच नस किडली असेल, तर तेवढीच काढून तिथे एमटीए नावाचं सिमेंटसारखं औषध ठेवतात आणि मुळातली नस जिवंत राहते.

उलट, शेवटची दुधाची दाढ १० ते १२ वर्षांपर्यंत लागते. ती सहाव्या वर्षी काढून जागा तशीच सोडली, तर मागची पक्की दाढ पुढे सरकते आणि खालचा दात खरोखर अडकू शकतो.