क्रेडिट कार्डच्या थकबाकीचा दावा: समन्स मिळाल्यापासून कैफियत देईपर्यंत

समन्स घेऊन न्यायालयाचा कर्मचारी, म्हणजे बेलिफ, दारात आला की अनेक घरांतून एकच उत्तर जातं, "ते घरी नाहीत." कृपया असं करू नका. समन्स नाकारलं तर बेलिफ ते दाराला चिकटवतो, तसा अहवाल देतो आणि न्यायालय ते बजावलं गेलं असं धरू शकतं. मग मुदत तुमच्या नकळत संपते आणि आकडा बँक सांगेल तोच कायम होतो.

आधी हातातला कागद नेमका काय आहे ते बघा. वकिलाची नोटीस म्हणजे दावा नव्हे. लोकअदालतीची दाखलपूर्व, म्हणजे दावा दाखल होण्याआधीची, नोटीसही दावा नव्हे. तिथे तुमच्या संमतीशिवाय काहीच ठरत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या 'कोर्ट ऑर्डर'वर तर लगेच विश्वास ठेवूच नका. खऱ्या खटल्याला 16 अंक-अक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो. तो ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर टाकला की न्यायालय, पक्षकार आणि पुढची तारीख दिसते. क्रमांक नसेल तर नावाने शोधा. पोलीस येऊन उचलून नेतील, या धमकीलाही घाबरू नका. निव्वळ कार्डाचं बिल थकणं हा गुन्हा नाही, दिवाणी बाब आहे. मात्र चेक किंवा ऑटो-डेबिट परत गेलं असेल तर त्याचे फौजदारी खटले वेगळे असतात.

दहा दिवस की तीस?

गोंधळ इथेच होतो. दाव्याच्या शीर्षकात, क्रमांकाच्या लगेच खाली दिवाणी प्रक्रिया संहितेच्या 'आदेश 37'चा उल्लेख असेल तर तो समरी सूट, म्हणजे संक्षिप्त दावा. यात समन्स मिळाल्यापासून 10 दिवसांत स्वतः किंवा वकिलामार्फत हजेरी नोंदवायची, नोटिसा घेण्यासाठी पत्ता द्यायचा आणि हजर झाल्याचं त्याच दिवशी वादीच्या, म्हणजे बँकेच्या, वकिलाला कळवायचं. त्यानंतर बँक निकालासाठीचं समन्स बजावते. ते मिळाल्यापासून पुन्हा 10 दिवसांत, बचावाची परवानगी मागणारा अर्ज प्रतिज्ञापत्रासह द्यावा लागतो. या दाव्यात बचाव आपोआप मिळत नाही. वादाचा खरा मुद्दा आहे हे दाखवावं लागतं. न्यायालय परवानगी देताना काही रक्कम भरण्याची अट घालू शकतं.

दावा साधा असेल तर 30 दिवसांत लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला तुमचं उत्तर, द्यायची. न्यायालय कारणं नोंदवून ही मुदत समन्स बजावल्यापासून 90 दिवसांपर्यंत वाढवू शकतं. कैफियतीत दाव्यातल्या प्रत्येक परिच्छेदाला वेगळं उत्तर द्या. 'सर्व मजकूर खोटा आहे' एवढं एक वाक्य पुरत नाही, कारण जे स्पष्ट नाकारलं नाही ते मान्य केलं असं धरलं जाऊ शकतं.

बचाव कशात असतो

कार्ड वापरलं असेल तर ते नाकारू नका. खोट्या प्रतिज्ञापत्राने खरा मुद्दाही बुडतो. भांडायचं ते आकड्यावर. बाकी शून्य होती त्या शेवटच्या महिन्यापासूनची सगळी स्टेटमेंट काढा आणि कागदावर रकाने आखा: खरेदी, व्याज, लेट फी, जीएसटी, न मागितलेला विमा, आणि तुम्ही भरलेले पैसे. एक रविवार जाईल, पण हे काम वकिलावर सोडू नका. खरेदीची मूळ रक्कम आणि दाव्यातली रक्कम यांतलं अंतर तिथेच दिसतं. न भरलेलं शुल्क आणि कर मुद्दलात मिळवून त्यावर व्याज लावण्यास रिझर्व्ह बँकेने 2022च्या कार्ड नियमांत मनाई केली. लेट फीसुद्धा देय तारखेनंतर उरलेल्या रकमेवरच लागते, पूर्ण बिलावर नाही. मात्र 'वर्षाला 30 टक्क्यांहून जास्त व्याज बेकायदा' या मुद्द्यावर विसंबू नका. ती मर्यादा घालणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा 2008चा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024मध्ये रद्द केला.

दुसरा मुद्दा मुदतीचा. अशा वसुलीच्या दाव्याला सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. ती संपण्याआधी तुम्ही थकबाकी सहीनिशी मान्य केली असेल किंवा काही रक्कम भरून तशी लेखी नोंद दिली असेल, तर तीन वर्षं नव्याने मोजली जातात. म्हणून वसुली एजंट 'नुसती सही करा' म्हणत पुढे करतो तो कागद आधी पूर्ण वाचा.

सोबत काय न्यायचं

समन्स आणि दाव्याची प्रत (पाकिटासह, मिळाल्याची तारीख त्यावर लिहून), आधार आणि पत्त्याचा पुरावा, कार्डाचा करार मिळाला तर तो, स्टेटमेंट, पैसे भरल्याच्या पावत्या, बँकेला केलेल्या तक्रारी आणि त्यांची उत्तरं, कार्ड बंद करण्याचा अर्ज, सेटलमेंटचं पत्र. शिवाय वकीलपत्र. उशीर झाला असेल तर कारणासह विलंबमाफीचा अर्ज. आजारपण असेल तर दवाखान्याचे कागद जोडा. दाव्यासोबत बँकेने काही कागद दिले नसतील तर ते मागणारा अर्जही देता येतो.

वकिलाची फी परवडत नसेल तर

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, दिव्यांगांना आणि औद्योगिक कामगारांना मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. इतरांना ठरलेल्या मर्यादेखालील उत्पन्नाचा दाखला द्यावा लागतो. हेल्पलाइन 15100. वकील मिळायला दिवस लागतात, म्हणून समन्स आलं त्याच आठवड्यात जा.

एकतर्फी हुकूमनामा झाला असेल तर

म्हणजे तुमच्या गैरहजेरीत निकाल लागला असेल तर, साध्या दाव्यात तो रद्द करण्याचा अर्ज 30 दिवसांत द्यायचा असतो. समन्स रीतसर बजावलंच नसेल तर हे दिवस हुकूमनामा कळल्यापासून मोजतात. समरी सूटमध्ये विशेष परिस्थिती दाखवावी लागते. काहीच केलं नाही तर बँक दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या वसुलीचा अर्ज, दाखल करते आणि पगार जप्त होऊ शकतो. तेव्हाही पगारातले पहिले 1000 रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्तीतून सुटतात, प्रॉव्हिडंट फंडालाही संरक्षण आहे, आणि पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही.

तडजोड दाव्याच्या कोणत्याही टप्प्यावर करता येते. लोकअदालतीत ती झाली तर बँकेला कोर्ट फी परत मिळते. रक्कम कमी करून मागताना हे बोलून दाखवा. फोनवरच्या शब्दावर पैसे भरू नका. बँकेच्या लेटरहेडवर रक्कम आणि तारीख लिहून घ्या, दोघांच्या सहीची तडजोड पुरसीस (तडजोडीच्या अटींचं लेखी निवेदन) न्यायालयात दाखल करा, आणि पैसे भरल्यावर थकबाकी नसल्याचा दाखला व न्यायालयाच्या आदेशाची प्रमाणित नक्कल घ्या.