सव्वीस वर्षं जहाज आलंच नाही

तंजावरच्या सरफोजीराजांना लहानपणी शिकवणारे पाद्री श्वार्ट्झ १७५० मध्ये भारतात आले ते तरंगंबाडीला. तंजावरच्या पूर्वेला, समुद्राला लागून असलेलं हे गाव तेव्हा डॅनिश लोकांच्या ताब्यात होतं.

सुरुवात झाली ती एका बुडालेल्या जहाजापासून. डॅनिश कंपनीचा माणूस रोलांट क्रापे याचं जहाज पोर्तुगिजांनी कारैकलजवळ उद्ध्वस्त केलं. जीव वाचवून तो तंजावरचा राजा रघुनाथ नायक याच्या दरबारात पोहोचला आणि पुढे १६२० मध्ये डॅनिश मोहिमेचा प्रमुख ओवे गेडे याच्यामार्फत करार झाला. गाव डॅनिशांकडे, वर्षाला ३१११ रुपये नायकाकडे. म्हणजे साहेब असले तरी भाडेकरूच!

समुद्रकाठी डान्सबोर्ग किल्ला उभा राहिला. खालच्या मजल्यावर दारूगोळा, कोठारं, स्वयंपाकघर. वर गव्हर्नर, मोठे व्यापारी, पाद्री आणि प्रार्थनेची जागा. गावात स्वतंत्र चर्च व्हायला १७०१ साल उजाडलं. सुट्ट्या पैशांसाठी डॅनिश राजाच्या मुकुटाखालच्या आद्याक्षरांची शिशाची बारकी नाणी तिथेच पाडली जात.

खरी परीक्षा पुढे होती. डेन्मार्क युरोपातल्या युद्धांत पार खंगलं. १६३९ मध्ये निघालेलं जहाज १६४३ मध्ये एकदाचं पोहोचलं, आणि त्यानंतर १६६९ पर्यंत एकही आलं नाही. मधल्या काळात, १६५० मध्ये, कंपनीच मोडीत निघाली. इकडे माणसं आजारानं गेली, काही निघून गेली. १६५५ पासून सूत्रं आली एस्किल्ड अँडर्सन कोंग्सबाके या साध्या माणसाच्या हाती. ना मोठं घराणं, ना मायदेशाची मदत. बंगालची जहाजं लुटून तो खर्च भागवायचा (याला तेव्हा युद्ध म्हणत). खंड थकला म्हणून नायकाची माणसं चालून आली, तेव्हा त्यानं गावाभोवती तटबंदी घातली. मला या सगळ्या गोष्टीत हाच माणूस सर्वांत जिवंत वाटतो.

१६६९ मध्ये ‘फेरो’ जहाज नांगरलं, तेव्हा किल्ल्यावर डॅनिश निशाण होतंच. कोंग्सबाकेलाच गव्हर्नर म्हणून कायम करण्यात आलं. थोड्याच वर्षांत, १६७६ च्या सुमारास, तंजावर व्यंकोजीराजांच्या हाती आलं आणि तरंगंबाडीचा खंड भोसल्यांच्या खजिन्यात जमा होऊ लागला.