‘दाबा’ म्हणजे नेमकं काय करा?

चवथीच्या दुसऱ्या दिवशी फोंड्याला आत्याकडे होतो. शेजारणीला माटोळीचा (गणपतीच्या वर टांगलेल्या फळाफुलांच्या सजावटीचा) फोटो दाखवायचा म्हणून आत्याने फोनवर अंगठा टेकवला, तर फोटो उघडायचं सोडून त्याच्या कोपऱ्यात बरोबरची खूण आली. “जोरात दाब गो,” शेजारीण म्हणाली. आत्याने अंगठ्याचं नख पांढरं होईस्तोवर जोर लावला. “दाबतेय मरे!”

चूक तिची नव्हती, ‘दाबा’ या शब्दाची होती. हा शब्द दारावरच्या बेलचा आणि मिक्सरच्या बटणाचा. तिथे जोर लागतोच. फोनच्या काचेला मात्र जोर कळत नाही. काचेखाली पारदर्शक वाहक पट्ट्यांची जाळी असते. बोट जवळ आलं की तिथली धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) किंचित बदलते आणि तो बदल चिप सेकंदाला कितीतरी वेळा मोजते. (पावसात म्हापशाच्या बसस्टँडवर फोन काढला की आपोआप भलतंच काहीतरी उघडतं ना, ते थेंबही असाच बदल घडवतात म्हणून.) चिपला कळतं ते एवढंच: बोट कुठे टेकलं, कुठे सरकलं, कधी उचललं. बाकी सगळा सॉफ्टवेअरचा हिशेब.

या हिशेबात वेळ फार महत्त्वाची. आयफोनवर अ‍ॅप बनवणाऱ्यांना ‘लाँग प्रेस’ची, म्हणजे बोट टेकवून ठेवण्याची, मर्यादा तयार मिळते ती अर्ध्या सेकंदाची, अँड्रॉइडवरही साधारण तितकीच. जोर लावायचा म्हटलं की बोट थोडं रेंगाळतं, अर्धा सेकंद उलटतो आणि फोन समजतो की आत्याला फोटो उघडायचा नाही, निवडायचाय. म्हणजे शेजारणीच्या सल्ल्याने काम आणखीच बिघडत होतं. जोर खरोखर ओळखणारी काचही 2015 मध्ये आयफोनवर आली होती, पण 2019 च्या नव्या फोनांतून ती गेली.

गंमत म्हणजे शब्दांचा घोळ फक्त मराठीत नाही. अ‍ॅपल कंपनी प्रोग्रॅमरला ‘लाँग प्रेस’ म्हणते, तीच कृती ग्राहकाला सांगताना ‘टच अँड होल्ड’ होते. सरकवण्याचा गोंधळ याहून मोठा. अ‍ॅपलच्या प्रोग्रॅमरसाठी ‘स्वाइप’ म्हणजे एका दिशेने झटकन मारलेला फटका, तो झाला की संपला. ‘पॅन’ म्हणजे बोट काचेवर असेपर्यंत चालू राहणारी हालचाल. अँड्रॉइडमध्ये वेगात बोट उचललं तर ‘फ्लिंग’. आपण मात्र सगळ्याला स्वाइपच म्हणतो.

हे मला पणजीत एका अ‍ॅपचा मराठी मजकूर लिहिताना नडलं. ‘स्वाइप’ला ‘सरकवा’ लिहिलं आणि दहा ओळींनंतर ‘ड्रॅग’लाही ‘सरकवा’च. “सरकवलं तर चालत नाही,” अशी तक्रार आली. प्रोग्रॅमर दोन दिवस स्वाइप तपासत बसला. स्वाइप धडधाकट होता, बिघडलेला ड्रॅग होता. आता मी ड्रॅगला ‘धरून ओढा’ लिहितो, स्वाइपला ‘झटकन सरकवा’, लाँग प्रेसला ‘बोट ठेवून थांबा’. टॅप मात्र ‘टॅप करा’च ठेवतो, ‘स्पर्श करा’ वाचलं की मला देवळातली पाटी आठवते.

‘झूम करा’ ही तर वेगळीच भानगड. ते हालचालीचं नाव नाही, परिणामाचं आहे. दोन बोटं फाकवूनही फोटो मोठा होतो, बऱ्याच अ‍ॅपमध्ये दोनदा टॅप करूनही होतो. तक्रार नोंदवताना दोन्ही लिहावं: बोटांनी काय केलं आणि पडद्यावर काय झालं. उलटही घडतं, हालचाल तीच आणि परिणाम वेगळा. अंध व्यक्तींसाठी स्क्रीन वाचून दाखवणारी सोय चालू असली की एका टॅपने नाव ऐकू येतं, उघडायला दोनदा टॅप करावं लागतं. अशा वाचकाला ‘टॅप करा’पेक्षा ‘उघडा’ हा शब्द बरा.

आत्याला यातलं काहीच सांगितलं नाही. “बोट टेकव नि लगेच उचल, तापल्या तव्याला लागल्यासारखं,” एवढंच म्हटलं. फोटो उघडला. मग दोन बोटं फाकवून ती शेजारणीला सुपारीचे घोस मोजून दाखवू लागली.