न्यूट्रॉन ओळखतो, रसायन फसतं

तारापूरच्या अणुभट्ट्या 1969 साली वीज देऊ लागल्या. त्यांचं युरेनियम इंधन झिर्कोनिअमच्या मिश्रधातूच्या नळ्यांत भरलेलं असतं, कारण युरेनियमचं विखंडन चालू ठेवणारे न्यूट्रॉन हे मूलद्रव्य फारसे गिळत नाही. पंचाईत अशी, की झिर्कोनिअमच्या खनिजात एक-दोन टक्के हाफ्निअम असतंच आणि न्यूट्रॉन शोषण्यात ते झिर्कोनिअमच्या शेकडो पट हावरट. म्हणून नळ्यांसाठीच्या झिर्कोनिअममध्ये ते दहा लाख भागांत शंभर भागांहूनही कमी असावं लागतं.

काढून टाकणं मात्र महाकठीण. दोघांची संयुगं जवळपास सारखी वागतात, अणूंचे आकारही सारखे.

खरं तर तसे असायला नकोत. आवर्तसारणीत एका गणात खाली जावं तसं एकेक कवच वाढतं, अणू फुगतो. टायटॅनिअमपेक्षा झिर्कोनिअम मोठं, ते याच नियमानं. त्याच्याखालचं हाफ्निअम आणखी मोठं हवं होतं. पण झिर्कोनिअमची त्रिज्या 160 पिकोमीटर, तर हाफ्निअमची 159!

याचं मूळ सारणीच्या तळाशी वेगळ्या काढलेल्या, परीक्षेआधी घाईत उरकल्या जाणाऱ्या आंतरसंक्रामक मूलद्रव्यांत आहे. लँथॅनमपासून ल्युटेशिअमपर्यंत केंद्रकाचा धनप्रभार एकेकानं वाढतो आणि वाढीव इलेक्ट्रॉन आतल्या 4एफ उपकवचात जातात. हे एफ इलेक्ट्रॉन केंद्रकाची ओढ अडवण्यात कच्चे. त्यामुळे बाहेरचे इलेक्ट्रॉन आत खेचले जातात, अणू आक्रसत जातो. हाफ्निअमची पाळी येईपर्यंत जादा कवचानं झालेली वाढ या आकुंचनानं खाऊन टाकलेली असते.

म्हणूनच क्लाप्रोट यांनी 1789 मध्ये झिर्कोनिअम शोधलं, तरी त्याच खनिजांतलं हाफ्निअम पुढची 134 वर्षं कुणाला दिसलं नाही. फ्रान्सच्या उर्बें यांनी 72वं मूलद्रव्य, म्हणजे आजचं हाफ्निअम, दुर्मिळ मृदांमध्ये (लँथॅनम व त्याच्या भाईबंदांच्या खनिजांत) सापडल्याचा दावा केला होता, तो चुकीचा ठरला. बोर यांच्या अणुसिद्धान्तानुसार त्याची जागा झिर्कोनिअमखाली होती. मग कोपनहेगनमध्ये कोस्टर आणि हेवेशी यांनी झिर्कोनिअमच्याच खनिजांचा क्ष-किरण वर्णपट घेतला. त्यातल्या रेषा केंद्रकाच्या प्रभारावर ठरतात, तिथे आकाराचं सोंग चालत नाही. 1923 मध्ये हाफ्निअम पकडलं गेलं.

हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये या दोघांचं नायट्रिक आम्लातलं द्रावण ट्रायब्युटिल फॉस्फेट या सेंद्रिय द्रावकाबरोबर घुसळतात. झिर्कोनिअम सेंद्रिय थरात जातं, हाफ्निअम बहुतांशी आम्लातच राहतं. वेगळं काढलेलं हाफ्निअमही वाया जायचं कारण नाही: त्याच हावरटपणामुळे काही अणुभट्ट्यांत त्याच्या नियंत्रक कांड्या (न्यूट्रॉन शोषून विखंडनाला लगाम घालणाऱ्या) वापरल्या जातात.