तीन जनुके, एकच प्रथिन

मासा, बेडूक, कोंबडी आणि माणूस यांच्या मेंदूंच्या रचनेत केवढीही तफावत असली, तरी त्यांच्या चेतापेशींतले, कॅल्शिअमचे संदेश टिपणारे कॅल्मोड्युलिन हे प्रथिन मात्र सारखेच असते. 148 अमिनो आम्लांच्या या साखळीत पृष्ठवंशीयांच्या कोट्यवधी वर्षांच्या वाटचालीत एकही कडी बदललेली नाही. फळमाशीचे कॅल्मोड्युलिनही आपल्यापेक्षा केवळ तीन ठिकाणी वेगळे आहे.

पेशीच्या ऊर्जाव्यवहाराला फॉस्फेट लागते आणि कॅल्शिअम वाढले तर त्याचा फॉस्फेटशी संयोग होऊन न विरघळणारा साका बनतो. म्हणून पेशी कॅल्शिअम सतत बाहेर काढत राहते, इतके की आतले मुक्त कॅल्शिअम बाहेरच्या सुमारे दहा हजारांश उरते. या शांततेमुळेच चेतासंधीपाशी मार्गिका उघडून थोडेसे कॅल्शिअम आत शिरले, तरी तो ठळक संदेश ठरतो. कॅल्मोड्युलिन चार कॅल्शिअम आयन पकडते, त्याचा आकार पालटतो आणि ते स्मृतीशी निगडित असलेल्या कायनेजसारख्या (कायनेज म्हणजे इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडणारे विकर) अनेक प्रथिनांना जाऊन बिलगते.

आयन पकडणाऱ्या या खोबणीला ‘ईएफ हँड’ म्हणतात. रॉबर्ट क्रेट्सिंजर यांनी 1973 मध्ये कार्प माशाच्या स्नायूतील पार्व्हाल्ब्युमिन या प्रथिनाच्या रचनेवरून तिचे वर्णन केले. गंमत अशी की, तीच खोबणी असूनही पार्व्हाल्ब्युमिन निरनिराळ्या प्राण्यांत बरेच बदलले आहे. त्याचे मुख्य काम कॅल्शिअम टिपून घेण्याचे, त्यामुळे त्याला फारशा जोडीदारांशी जुळवून घ्यावे लागत नाही. कॅल्मोड्युलिनला मात्र शेकडो प्रथिनांशी जुळायचे असते. एका जोडीदारासाठी सोयीचा बदल दुसऱ्या कुणाला तरी गैरसोयीचा ठरतो, आणि माझ्या मते त्याच्या स्थैर्याचे खरे इंगित इथेच आहे.

बदल घडलेच नाहीत, असे मात्र नाही. माणसात 14, 2 आणि 19 या गुणसूत्रांवरील तीन वेगवेगळी जनुके हेच प्रथिन बनवतात. त्यांच्या डीएनएच्या अक्षरांत पुष्कळ फरक साठले आहेत, परंतु टिकले ते प्रथिनाला धक्का न लावणारेच. धक्का लावणाऱ्या बदलांचे काय होते, हे 2012 मध्ये दिसले. हृदयाच्या जीवघेण्या अनियमित ठोक्यांमागे कॅल्मोड्युलिनमधली उत्परिवर्तने सापडली. तीन जनुकांच्या मिळून सहा प्रतींपैकी पाच निर्दोष असतानाही एका प्रतीतला एका अमिनो आम्लाचा बदल त्यासाठी पुरेसा होता.